माझ्या वाट्याची खिडकी

आमच्या दुकानात कपडे शिवत नाहीत, सुधारतात. उसवलेलं, फाटलेलं, कसरीनं खाल्लेलं, काहीही आणा. तीन मशीनवाले, एक रफूवाली, सगळ्यांवर मास्तर, आणि इस्त्रीच्या टेबलाशी मी. खिडकी मात्र एकच, आणि ती माझी.

फुकटात नाही मिळाली. जो सगळ्यात जुना त्याची खिडकी, असा दुकानाचा रिवाज. एकोणीस वर्षं मी मागच्या भिंतीशी, ट्यूबलाइटखाली, वाफेत उभी राहून इस्त्री फिरवली. खिडकीशी बसणारे काजेवाले काका काम सोडून गेले तेव्हा माझा नंबर लागला. पहिल्या दुपारी मानेवर वारा आला आणि मला चक्क रडू फुटलं.

मागची भिंत मग नव्या रफूवालीच्या वाट्याला आली. पोरीचा हात सुरेख, पण त्या ट्यूबलाइटखाली काळा आणि गडद निळा सारखेच दिसतात. महिन्याभरात दोन कपडे परत आले. दुसरा तर काळा कोट, त्यावर निळ्या धाग्याचं रफू. बुधवारी मास्तरांनी कात्री खाली ठेवली आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "कोट उसवून पुन्हा करा. शनिवारी गिऱ्हाईक येईल. त्याला पटलं नाही, तर मला दुसरं माणूस बघावं लागेल."

तिच्या घरात कमावणारी ती एकटीच. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

ती माझ्याकडे आली. "मावशी, दोन-तीन दिवस जागा बदलूया का? मला उजेड लागतो हो."

"अगं, मी एकोणीस वर्षं वाट बघितली. तुझाही नंबर येईल."

"तोवर मास्तर ठेवतील का मला?"

मी आधीच कडक झालेल्या कॉलरवर पुन्हा पुन्हा इस्त्री दाबत राहिले. माझं काय चुकत होतं? मी कुणाचं हिसकावून घेतलं नव्हतं. मशीनवाल्यांनीही माना डोलावल्या. त्यातल्या एकाचा माझ्यानंतर खिडकीवर डोळा आहे, ते सोडा.

घरी गेले ती धुमसतच. आमच्याकडे जेवायच्या टेबलाला खुर्च्या चार आणि माणसं पाच. त्यामुळे आम्ही नवरा-बायको, मुलगा आणि नात आधी बसतो, सून वाढते आणि मागाहून जेवते. माझ्या सासूच्या काळात मीही तशीच मागाहून, बहुतेक वेळा ओट्याशी उभ्यानंच जेवायचे. पाचवी खुर्ची आणावी असं कधी कुणाच्या मनात आलं नाही.

जेवताना मी सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. मुलगा ताटातून डोकं वर न काढता म्हणाला, "बरोबर आहे तुझं."

"तुला काय वाटतं गं?" मी सुनेला विचारलं. मला तिचीही मान डोललेली हवी होती.

"बरोबरच आहे, आई. नंबर लागला की बसायचं." वाढता वाढता ती हसली. "माझीच पंचाईत आहे. मला ही एकच मुलगी. सून येणार कुठून? माझा नंबर काही लागत नाही."

तिने थट्टेत म्हटलं. मुलगाही हसला. मी मात्र हातातला घास ताटात ठेवला. समोर नात पाय हलवत जेवत होती. ही पोर उद्या कुणाच्या घरी अशीच पातेलं धरून उभी राहणार, आणि तिथलीही कुणीतरी म्हणणार, आम्ही नाही का उभं राहिलो? मला स्वतःचीच लाज वाटली. सुनेला उभं ठेवून माझी ती वर्षं थोडीच परत मिळणार होती!

गुरुवारी मी सगळ्यांच्या आधी दुकानात गेले आणि इस्त्रीचं टेबल ओढत मागच्या भिंतीशी नेलं. रफूवाली दारातच थबकली.

"बघतेस काय? जेवणाच्या सुट्टीपर्यंत खिडकी तुझी, नंतर माझी. दुपारी मला वारा लागतो. मी काही संत नाही."

"पण मावशी, मग माझ्या नंबराचं काय?" तो मशीनवाला बोललाच.

"तुला उजेड कशाला? तू तर डोळे मिटूनच शिवतोस, गिऱ्हाईकं सांगतात."

दोन सकाळी ती खिडकीशी बसून होती. एकेक धागा उजेडात धरायची, कोटाशी जुळवायची, मगच सुईत ओवायची. मागे मी घामानं निथळत होते आणि दर दहा मिनिटांनी तिला विचारत होते, "झालं का?"

शनिवारी गिऱ्हाईक आलं. त्याने कोट दाराशी नेला, उलटा केला, सुलटा केला.

"भोक नक्की कुठे होतं?"

मास्तरांनी चष्मा लावून शोधलं. त्यांनाही दिसेना. शेवटी तिनेच नखानं जागा दाखवली. गिऱ्हाईक गेल्यावर मास्तर तिला म्हणाले, "सोमवारी लवकर या. तीन कोट आलेत." तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मी उगाचच गार इस्त्री पुसायला लागले.

संध्याकाळी निघताना मागच्या भिंतीजवळ रिकामं पडलेलं, मी सुट्टीत बसायचे ते जुनं स्टूल मी उचललं.

"मावशी, हे कुठे निघालं?" मास्तरांनी विचारलं.

"घरी. तिथे एक माणूस उभं आहे."

स्टूल टेबलाला बुटकं निघालं, म्हणून त्यावर मी बसले आणि माझी खुर्ची सुनेला दिली. नात खदाखदा हसली, "आजी छोटी झाली!" सून दोनदा वाढायला उठली, दोन्ही वेळा मी तिला हाताला धरून खाली बसवलं. तिसऱ्यांदा मीठ हवं होतं. मी मुलाकडे बघितलं. तो जरा घुटमळला आणि उठला.

"मीठ कुठे असतं गं?" आतून त्याने विचारलं.

"शोध," सून म्हणाली, आणि आम्ही सगळे बसून वाट बघत राहिलो.