रुखमाबाईचा फोटो

गडचिरोलीत कमरुद्दीनभाऊंच्या स्टुडिओची एक रीत होती. प्रिंट हातात पडली, गिऱ्हाईक पायरी उतरलं, की कम्प्युटरमधला फोटो पुसायचा. "लोकायच्या बायामानसायचे फोटो आपल्या मशीनीत काऊन ठेवाचे?" म्हणायचे. बायका त्यांच्याकडे निर्धास्त येत, त्या ह्याच शब्दावर. रीत चांगलीच होती, नावं कोण ठेवील? पण लहानूभाऊ दारात येऊन उभा राहिला आणि ती सायमाच्या, त्यांच्या लेकीच्या, अंगाशी आली.

लहानूची बायको रुखमा पंधरा दिवसांमागे गेली. जन्मात एकच फोटो काढलेला, राशनकार्डासाठी, इथेच, एप्रिलात. दोन प्रती अर्जासोबत कचेरीत गेल्या, तिसरीचा पुराच्या पाण्यात लगदा झाला. रविवारी पुण्यानुमोदन होतं. बुद्धाच्या मूर्तीशेजारी ठेवायला तिचा चेहरा नको?

"मशीनीत असंल ना, बाई," तो म्हणाला. "पाहून दे."

सायमाला नाही म्हणवेना. त्यात मशीन आदल्याच दिवशी बंद पडलेलं. मेकॅनिकने सगळं साफ करून विंडोज नव्याने टाकलं होतं, आणि दर महिन्याला फोल्डर उतरवून ठेवलेल्या सीड्यांवरून तिने ते परत भरले होते. भरले खरे, पण प्रत्येकात एक फिकट फाईल उगवली होती, थम्ब्ज नावाची. आधी कधी दिसली नव्हती ती. व्हायरसच असणार, म्हणून सकाळपासून तिने त्या उडवायचा सपाटा लावला होता. लहानू बाकावर बसल्यावरही हात थांबेनात. एप्रिलची फाईलसुद्धा उडवली आणि मग तिला सरांना फोन करायचं सुचलं. तिला कम्प्युटर शिकवणारे मोहसीनसर चंद्रपुरात असत.

"व्हायरस नाई तो," सर म्हणाले. "त्या फायली पहिलेपासूनच राह्यतात, लपून. मेकॅनिकनं लपलेलं दाखवाची खूण तशीच सोडली असंल, ते काढ. फोटोयचे बारके नमुने राह्यतात त्यात. कधी कधी फोटो पुसला तरी नमुना राह्यते."

सायमाने फोन खाली ठेवला. राहिलेला तो नमुना तिने आत्ताच स्वतःच्या हाताने पुसला होता. थोबाडीत मारून घ्यावी असं वाटलं तिला. मग डोकं चाललं. फाईल आली कुठून? सीडीवरूनच ना? तिने एप्रिलची सीडी घातली. फाईल तिच्यावर होती.

सरांनी सांगितलेला प्रोग्राम नेटकॅफेतून आणून तिने ती उघडली. पडदाभर बायकाच बायका, सगळ्या अब्बांनी पुसलेल्या. त्यांच्यात रुखमाबाई, दोन्ही कान दिसावेत म्हणून पदर मागे सारलेली, नखाएवढी. मोठी केली तर चेहऱ्याचे नुसते चौकोन झाले.

"मोठा नको करू," लहानू म्हणाला. "बारक्यात ते तेच दिसून राह्यली." आणि तो रडला, अगदी आवाज न करता.

कमरुद्दीनभाऊ मागे उभे राहून पडदा बघत होते. शब्द दिलेल्या सगळ्या बाया त्यांच्या मशीनीत वर्षभर बसलेल्या होत्या. त्यांचा चेहरा पार उतरला.

"पुस, बेटा," ते म्हणाले. "सीड्या मोडून टाक. लोकायले जबान देल्ली होती मी."

लहानू बाकावरून उठला. त्याने पडद्यावर, त्या नखाएवढ्या चेहऱ्यावर, आडवा हात धरला.

"बाकीच्या पुसा, कमरूभाऊ," तो म्हणाला. "माही रुखमा नका पुसू."