खुब्याचा दुसरा फोटो

श्रावणी सोमवारी दुपारच्या जेवणापर्यंत मौन, हे व्रत गंधाली लग्नाच्या आधीपासून पाळत आली होती. मुलुंडच्या सेंटरमध्ये एक्स-रे वाचायची नोकरी लागली तेव्हा तिला वाटलं, देवानंच सोय केली. रेडिओलॉजिस्टला बोलावं लागतं कुठे? अंधाऱ्या खोलीत बसायचं, पडद्यावरची हाडं बघायची, रिपोर्ट टाइप करायचा. काउंटरवरच्या पोरी आपसात म्हणत, "आज मॅडम सायलेंटवर आहेत हं," आणि गंधाली मनातल्या मनात हसे. खरं सांगायचं तर तिला ते ऐकायला आवडे. व्रत देवासाठी असतं हे खरं, पण चार जणांनी ते पाहिलं तर कुणाला नको असतं?

अशाच एका सोमवारी नाहूरच्या शांताबाई नातीला घेऊन आल्या. चेतना बारा वर्षांची, अंगानं भरलेली, डावं पाऊल बाहेर टाकत लंगडणारी. गुडघा दुखतो म्हणून घरात तेलं चोळून झाली होती. शेवटी गल्लीतल्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली: गुडघ्याचा फोटो आणि खुब्याचे दोन. त्यातला एक समोरून. दुसऱ्याला बेडकासारखे गुडघे वाकवून दोन्ही बाजूंना सोडायचे. सेंटरमध्ये त्याला फ्रॉग म्हणत. खुब्यातलं दुखणं पुष्कळदा गुडघ्यात बोलतं, हे त्या डॉक्टरांना ठाऊक होतं. गंधालीलाही ठाऊक होतं.

गुडघ्याचा झाला, खुब्याचा समोरचा झाला. मग टेक्निशियन सुशांतनं पाय फाकवायला सांगितलं, तशी पोरीनं गाऊन दोन्ही मुठींत घट्ट धरला.

"अगं, दोन मिनिटांचं काम आहे."

"नको."

"बाहेर लाइन लागलीय बघ."

"आजी, मला घरी जायचंय!"

शांताबाई तडक गंधालीच्या खोलीत आल्या. "मॅडम, तुम्ही बाईमाणूस, तुम्हीच काय ते सांगा. पोर यंदाच शहाणी झालीय. परक्या पुरुषापुढं कशी ती..."

गंधाली उठून गेली. चेतना टेबलावर मान खाली घालून बसली होती. दोन वाक्यांचं काम होतं. ‘सुशांत, तू काचेमागे थांब. चेतना, मी चादर धरते, मी इथून हलत नाही.’ वाक्यं ओठांपर्यंत आलीसुद्धा. पण जेवणाला अजून अवकाश होता. तिनं हाताचा पंजा हलवून खूण केली: राहू दे.

सुशांत सुटला. शांताबाईंनी हात जोडले. "देवमाणूस आहात." आणि गंधालीला तो प्रसंग आपल्या व्रताइतकाच स्वच्छ वाटला.

मग तिनं समोरचा फोटो उघडला. मांडीच्या हाडाला वर मान असते आणि मानेवर गोळा. वाढत्या वयात त्या दोहोंमध्ये कूर्चेची रेघ दिसते. डावीकडची रेघ उजवीपेक्षा जरा रुंद होती, कडा जराशा पुसट. मानेच्या वरच्या कडेला लागून तिनं पडद्यावर रेष ओढली. ती पुढे गोळ्याचा तुकडा कापत जायला हवी. उजवीकडे कापत होती, डावीकडे नुसती चाटून गेली. पोर तिरकी झोपली असेल, असं तिनं मनाला सांगितलं. दुसरा फोटो असता तर मनाला काही सांगावं लागलं नसतं.

निदान ‘फ्रॉग काढलेला नाही, काढून घ्यावा’ एवढं तरी लिहायचं. तिनं ते टाइप केलं. मग वाटलं, का काढला नाही असं कुणी विचारलं तर काय उत्तर देणार? ओळ पुसली. ‘विशेष दोष आढळत नाही’ असं लिहून सही केली. दुपारी डबा उघडून मौन सोडताना तिनं पहिला शब्द उच्चारला तो शंकराच्या नावाचा.

गणपती होऊन गेले. नवरात्राच्या तोंडावर एके दिवशी चेतना वर्गात बाकावरून उठायला गेली ती कोसळली. पाय हलवेना. शाळेतून तिला उचलून आणलं ते शांताबाईंच्या सांगण्यावरून त्याच सेंटरमध्ये. "तिथल्या मॅडम चांगल्या आहेत," त्या वाटभर म्हणत होत्या, असं नंतर कळलं.

या वेळी पडद्यावर रेष ओढायची गरजच नव्हती. उतरंडीवरचं मडकं कलंडावं तसा गोळा मानेवरून घसरला होता. गंधालीनं जुना फोटो काढून शेजारी लावला. ती रुंद रेघ होती तिथेच होती. पदर डोक्यावरून घेऊन कुठेतरी दडावं असं तिला वाटलं. हाडांच्या सर्जनना तिनं फोन केला. पाऊल टेकवू देऊ नका, आत्ताच पाठवा, ते म्हणाले. मग ती आत गेली.

तिला बघताच चेतना म्हणाली, "मॅडम, काढा ना तो बेडकाचा फोटो. मी नाही लाजणार आता. हे बघा..." आणि गुडघा वाकवायला गेली ती किंचाळलीच.

"नको! हलवू नकोस, बाळा. आता तो काढायचा नसतो."

"तेव्हा काढू दिला असता तर असं झालं नसतं ना? पप्पा म्हणाले फोनवर, तुझे नखरे नडले."

"तुझ्या पप्पाला काय कळतंय!" शांताबाई म्हणाल्या. "मीच म्हातारी आडवी आले. मॅडमचं तर मौन होतं, काउंटरवरच्या पोरींनी सांगितलं मला. आमच्या विहारातपण वर्षावासात माणसं गप्प बसतात, मला समजतं ते. मॅडम काय करणार?"

सबब आयती हातात आली होती. आणि एक क्षण गंधालीला हायसंही वाटलं. त्या हायसं वाटण्याचीच तिला पुढे सर्वांत जास्त लाज वाटायची होती. तिनं चेतनाकडे पाहिलं. पोरगी डोळे मिटून गाऊनचं टोक चावत होती. आपल्या लाजेनं आपला पाय गेला, हे ती आता जन्मभर धरून ठेवणार होती.

"चेतना, इकडे बघ. तुझी चूक नाही. तुझ्या वयाची मुलगी लाजणारच. तुला समजावायचं काम माझं होतं, आणि मी तोंड उघडलं नाही." गंधालीचा आवाज मुळातच हळू, आता तो ऐकायला सुशांतही जवळ आला. "आणि जो फोटो काढला ना, त्यातसुद्धा दिसत होतं. थोडंच, पण दिसत होतं. मी पाहिलं आणि सोडून दिलं. आजी, तुमचीही चूक नाही. माझी आहे. सर्जनना मी सांगितलंय, आणि तुम्हाला लेखीही देते."

शांताबाई तिच्याकडे वळल्या.

"दिसत होतं?"

"हो."

"मग कागदावर काही नाही म्हणून का लिहिलंत?"

शांताबाई एक पाऊल पुढे आल्या.

"देवासाठी गप्प होतात ना तुम्ही?" त्या टोमणा मारत नव्हत्या. त्यांना खरंच कळून घ्यायचं होतं.

"मला तसं वाटलं होतं, आजी. पण लिहिताना काही मौन नव्हतं. तिथे मी फक्त स्वतःला सांभाळत होते."

बाहेर अँब्युलन्स लागली. "मी येते बरोबर," गंधाली म्हणाली.

"नको मॅडम."

सुशांतनं आणि ड्रायव्हरनं चादरीसकट चेतनाला स्ट्रेचरवर घेतलं. "दादा, हळू हं," म्हणत तिनं सुशांतची बाही पकडली. गाऊन वर सरकला होता, तिकडे तिचं लक्षही नव्हतं. गंधालीनं तो खाली ओढून सारखा केला आणि दार धरून उभी राहिली.

शांताबाई दारातच थांबल्या. "आजचा दिलात. जुना फोटो पण द्या."

तिनं तो छापून आणून दिला. त्यांनी पाकिटात घालण्याऐवजी तो पॅसेजच्या ट्यूबलाइटसमोर धरला. काळ्या फिल्मवर नातीच्या कमरेची हाडं उजळली.

"कुठं?"

"आजी..."

"दाखवा ना. कुठं दिसत होतं?"

गंधालीनं बोट उचललं. "ही उजवी बाजू. ही रेघ बघा, बारीक आहे. आणि ही डावी."

शांताबाई चष्मा कपाळावर सारून फिल्मला नाक लावून बघत राहिल्या. उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, पुन्हा उजवीकडे.

"दिसतंय की," त्या म्हणाल्या.

त्यांनी फिल्म पाकिटात सरकवली आणि स्ट्रेचरच्या मागोमाग निघाल्या.