गोठ्यामागची वाट

लाउस्ट ब्रोगोरच्या शेतावरची वाट मिळाली नसती, तर आमचा मार्ग पुरा झालाच नसता.

आमचा सायकल क्लब खाडीच्या कडेने कच्च्या वाटांचा एक मार्ग आखत होता. जाड टायरच्या सायकलींसाठी, डांबर शक्य तितकं टाळून. पुळणीमागचे रस्ते, चर्चच्या पायवाटा, पाइनच्या लागवडीतले लाकूडतोड्यांचे रस्ते, शेतांमधल्या मुरमाच्या वाटा, सगळं एकाला एक जोडत आणलं होतं. फक्त लाउस्टच्या शेताशी तुटत होतं. त्याच्या उत्तरेला दलदल, दक्षिणेला ट्रकचा हमरस्ता. मधली वाट त्याच्या मालकीची. त्याने एक पाटी ठोकली की वाट बंद.

"पोरी, तूच जा," पाल्ले म्हणाला. तो क्लबचा अध्यक्ष, आयुष्यभर याच भागात टपाल वाटलेला. "माझं आणि त्याचं इतक्या वर्षांत 'आज वारा आहे' याच्यापुढे बोलणं गेलेलं नाही."

"आणि माझं जाईल?"

"तू भूशास्त्र शिकलीस. त्याच्या मातीबद्दल काहीतरी चांगलं बोल."

मार्चमध्ये गेले. थंडी होती, शेतं अजून काळी होती. लाउस्टने दार उघडलं. उंच माणूस, खांद्यात थोडा वाकलेला, अंगात निळा अंगरखा. मी नाव सांगितलं, काम सांगितलं.

"कॉफी घेशील?"

"नको, उगाच त्रास."

"केलेलीच आहे."

"खरंच नको."

"मग ती गार होणार," तो म्हणाला, आणि मी बूट काढले. दोनदा नको म्हटल्याशिवाय आमच्याकडे कुणी कॉफी घेत नाही.

स्वयंपाकघरातलं टेबल सहा जणांचं होतं. एक खुर्ची वापरातली, बाकीच्यांवर वर्तमानपत्रांच्या चळती. त्यातली एक चळत त्याने उचलून जमिनीवर ठेवली, ती माझी जागा. समोरच्या खिडकीतून अंगण दिसत होतं. तीन बाजूंना इमारती, मधे दगडी फरशी, आणि वाट एका कमानीतून आत येऊन दुसऱ्या बाजूने खाडीकडे उतरत होती.

"वाट अंगणातूनच जाते," तो म्हणाला. "आधीपासून. पाद्री, दुधाची गाडी, पोहायला जाणारी पोरं, सगळे इथूनच. एलिनोर या खिडकीत बसून बघायची, कोण चाललंय."

एलिनोर त्याची बायको. दोन हिवाळ्यांपूर्वी गेली, हे पाल्लेने सांगितलं होतं.

"आम्ही तुम्हाला अजिबात त्रास होऊ देणार नाही," मी म्हणाले.

तो कॉफी ढवळत होता. त्याने साखर घातलेली नव्हती. "त्रासाचं काही नाही," तो म्हणाला.

असं आमच्याकडे सगळेच म्हणतात. त्यावर विसंबून कुणी वागत नाही.

बाहेर पडल्यावर मी इमारतींभोवती एक फेरी मारली. गोठ्यामागे, भिंत आणि बार्लीचं शेत यांच्यामधे, गवताचा एक पट्टा होता. उतार मोजला, पाणी कुठे साचतं ते पाहिलं. खाली चिकणमाती होती, पण वर मुरूम टाकला तर चालण्यासारखी. मला माझ्या शोधाचा अभिमान वाटला. माणसाच्या खिडकीसमोरून साठ घामेजलेले अनोळखी लोक जाण्याची गरजच उरत नव्हती. मी परत जाऊन त्याला तसं सांगितलं.

त्याने खिडकीबाहेर पाहिलं. "होईल की," म्हणाला. "तिथे माती चिकट आहे."

"मुरूम टाकू."

"टाका."

एप्रिलमध्ये मुरूम आला तेव्हा त्यानेच आपला ट्रॅक्टर काढून तो पसरला. आमच्या खुणेचा पिवळ्या बाणाचा खांब मी ठोकत होते, तर त्याने तो दोन्ही हातांनी सरळ धरला.

"घट्ट बसला," तो म्हणाला.

मी हे सगळं इतकं नीट सांगते आहे, कारण त्यात कुठेही काही चुकलं असं तेव्हा कुणालाच वाटलं नाही. मी ऑलबोर शहरात एका चार मजली इमारतीत वाढले. आई बाहेर पडण्याआधी दाराला कान लावायची. जिन्यात शेजारी असेल, तर तो खाली उतरेपर्यंत थांबायची. वैर नव्हतं. त्याला उगाच बोलावं लागू नये, एवढंच. आता मी नोकरीसाठी इथे एका सुताराच्या घराच्या वरच्या मजल्यावर राहते आणि मीही जिन्यातल्या पावलांचा कानोसा घेते. रविवारी सायकल काढते, दिवसभर हिंडते, आणि पुष्कळदा संध्याकाळी लक्षात येतं की आज आपण तोंडातून एक शब्द काढलेला नाही.

मार्गाचं उद्घाटन जूनमधल्या एका रविवारी झालं. शेवटी राहायचं काम माझं, म्हणजे कुणाचं टायर फुटलं किंवा दम लागला तर मदतीला कुणी असावं. चर्च मागे टाकलं, बार्ली गुडघ्यापर्यंत आली होती, खाडीवरून वारा येत होता. सगळे पुढे निघून गेले होते. पिवळ्या बाणाशी वळणार, तेवढ्यात गोठ्याच्या छपरावर मला झेंडा दिसला.

आमच्याकडे घरावर झेंडा म्हणजे वाढदिवस. तो नसता तर मीही मागूनच गेले असते. पण वाढदिवसाचा झेंडा बघून शुभेच्छा न देता पुढे जाणं बरं दिसत नाही.

अंगणात लांब टेबल मांडलं होतं. वर पांढरं कापड, वाऱ्याने उडू नये म्हणून कोपऱ्यांवर खाडीतले गोटे. कपांच्या रांगा, सगळे पालथे. गावाच्या सभागृहातून आणलेले मोठे थर्मास. वेलदोडे घातलेल्या गोड बनपावांची परात, वर फडकं. बाजूला पाण्याची बादली, आणि सायकलचा एक नवा पंप, त्याचं लेबलसुद्धा काढलेलं नव्हतं.

लाउस्ट बाकावर बसला होता. इस्त्रीचा शर्ट होता.

"वाढदिवस का?" मी विचारलं.

"नाही."

"मग झेंडा?"

"त्यालाही अधूनमधून वारा लागावा लागतो." तो उठला. "सगळे गेले का?"

"मी शेवटची."

"हो. आवाज येत होता. मुरूम चांगला बसलाय."

मी एकदाही नको म्हटलं नाही. त्याने एक कप सरळ केला आणि भरला. मी एक बन खाल्ला, मग दुसरा, मग भूक नसताना तिसरा. तो पुन्हा बाकावर बसला आणि मी खाताना गोठ्याच्या भिंतीकडे बघत राहिला. निघताना त्याने उरलेले बन दोन पिशव्यांत भरून माझ्या हँडलला अडकवले.

"पुढे कुणाला भूक लागली असेल."

शेवटच्या थांब्यावर लोक सॉसेज भाजत होते. पाल्लेने पिशवीतून एक बन काढला. "हे कुणी केलेत?"

मी सांगितलं. टेबल, कप, पंप.

त्याचं चघळणं थांबलं. "पण आपण त्याच्या अंगणातून कसे जाणार होतो, पोरी? माणूस एकटा राहतो."

"म्हणूनच," मी म्हणाले.

पाल्लेने हातातल्या बनाकडे पाहिलं. "मी टपाल द्यायचो, तेव्हा ते दोघं आत बोलवायचे," तो म्हणाला. "मी सांगायचो, घाई आहे. घाई कसली आलीय, त्याच्यापुढे दोनच घरं होती."

पुढच्या आठवड्यात मी लाउस्टकडे गेले आणि खांब हलवते म्हणाले.

"राहू दे. घट्ट बसलाय."

"मी उपटते ना."

"उन्हाळ्यात ती माती दगड होते. तुला माहीत असायला पाहिजे."

मी खांब तसाच ठेवला. घरी जाऊन मी क्लबच्या संकेतस्थळावरच्या नकाशातली रेषा तरी बदलली, अंगणातून नेली. पण लोक रेषा एकदाच उतरवून घेतात. हँडलवरच्या छोट्या पडद्यावर ती असते, तिच्यावर नजर ठेवून ते चालवतात. माझी जुनी रेषा एव्हाना हॅम्बुर्गपर्यंत पोचली होती. ती परत कशी बोलावणार?

रविवारी मी तिकडून जाऊ लागले. दरवेळी कारण शोधावं लागायचं: निचरा पाहायचाय, मुरमाचा नमुना घ्यायचाय. तो मला नमुने घेऊ द्यायचा. मग आम्ही बाकावर बसायचो. गोठ्याच्या टोकाला भिंत संपते तिथे वाट जराशी दिसते. तेवढ्या जागेतून माणसं यायची आणि जायची.

"लाल टोपी," लाउस्ट म्हणायचा.

"दोघं होते."

"दुसरी बाई होती. चढावर मागे राहते, पण थांबत नाही."

ऑगस्टमध्ये बार्ली कापून झाली होती. आम्ही असेच बसलो असताना कमानीतून एक माणूस सायकल ढकलत आत आला. चाळिशीचा, घामाघूम, चेहऱ्यावर धूळ. त्याच्या हँडलवरचा पडदा काळा होता. बॅटरी गेली असावी.

लाउस्ट झटकन उभा राहिला. थर्मास भरलेला होता. टेबलावर तीन कप होते. तो नेहमी एक जास्त ठेवायचा.

"माफ करा," तो माणूस म्हणाला. "चुकून आत आलो. तुम्हाला त्रास द्यायचा नव्हता."

"त्रास कसला," लाउस्ट म्हणाला. आणि हात उचलून दाखवलं. "वाट गोठ्यामागून आहे. डावीकडे वळा, पिवळा बाण दिसेल."

"धन्यवाद. बसा, बसा तुम्ही."

तो गेला. मी तोंड उघडेपर्यंत त्याची टायरं मुरमावर वाजू लागली होती.

लाउस्ट उभाच होता. हात अजून अर्धा वर होता. मग तो खाली बसला आणि त्याने माझा कप भरला. तो आधीच भरलेला होता, थोडी कॉफी बशीत सांडली.

"घाईत होता," तो म्हणाला.

"हो."

"दमला होता, पण घाईत होता."

त्यानंतर मला कामासाठी महिनाभर दुसरीकडे जावं लागलं, समुद्रावर, किनाऱ्याचे कडे ढासळत होते तिथे मोजमापं घ्यायला. संध्याकाळी खोलीत बसून मी विचार करायचे, की माणूस दुसऱ्याच्या दाराशी कशाने थांबतो. कॉफीने थांबत नाही. झेंड्याने मी थांबले होते, पण तो रोज लावता येत नाही.

सप्टेंबरच्या शेवटी परत आले आणि रविवारी निघाले. पाऊस पडून गेला होता. शेतं नांगरलेली, सीगल नांगराच्या ओळींत उतरलेले. पिवळ्या बाणाशी वळले, गोठ्यामागे गेले, आणि ब्रेक दाबले.

वाटेच्या कडेला एक सायकल उलटी उभी होती. बायकांची, जुनी, काळी, पुढे वेताची टोपली. बैठक आणि हँडल गवतात, चाकं आभाळाकडे. कुणाची ते विचारायची गरज नव्हती. शेजारी लाउस्ट उभा होता, हात खिशात, मान खाली, आमच्याकडे अडलेला माणूस उभा राहतो अगदी तसा.

उलट्या सायकलीशी इथे प्रत्येक जण थांबतो. कितीही घाई असो, वाकून विचारतो. माणूस कशाने थांबतो, ते त्याने माझ्याआधीच शोधून काढलं होतं.

मला पाहून तो जरा ओशाळला. "तू होय," म्हणाला.

"काय झालं?"

"चेन उतरली."

मी वाकले. चेन जागेवर होती. नुकतंच तेल दिलेलं, एकही कडी गंजलेली नाही. मागचं चाक हाताने फिरवलं, तर आवाज न करता कितीतरी वेळ फिरत राहिलं. माझ्याआधी इथे किती जण थांबले, कुणी थांबलं की नाही, हे मी विचारलं नाही. त्याच्या जोड्यांभोवतीचा मुरूम मात्र तुडवून पार दबलेला होता.

मी माझी सायकल गवतात टेकवली, गुडघे टेकले, आणि अंगठ्याने चेन दातांवरून खाली उतरवली. मग हळूहळू, एकेक दात बघत, ती पुन्हा चढवली. लाउस्टने चाक धरून ठेवलं, खांब धरला होता तसं, दोन्ही हातांनी. बोटं काळी होईपर्यंत मी घाई केली नाही.

"बसली," मी म्हणाले.

"हात धुवायला लागतील तुला," तो म्हणाला.

"हो, लागतील."

"साबण आत आहे." त्याने सायकल सरळ केली, टोपलीतलं गवत झटकलं. "कॉफी केलेलीच आहे."