कोरड्या नाल्यात काय पडलं

"उल्का म्हनं, उल्का. आरं, उल्का काय मेंढरं येकाच कुशीला भाजती व्हय?"

बाहेर मयताच्या जेवणासाठी घोडी कापत होते आणि सुऱ्यांबरोबर तोंडंही चालली होती. मी आत लोकरीच्या तंबूत, भिंतीकडं तोंड करून बसले होते. पडद्यापलीकडं बाचं मयत होतं.

"उल्का न्हवंच. चौकशीला दुसऱ्या खेपंला आलेलं सायेब रॉकेटचा तुकडा म्हनालं की."

"मंग तुकडा कुठं गेला? तुझ्या बायकूच्या हंड्यात?"

"त्यामागनं आलेल्यांनी फुगा ठरवला. हवा मोजायचा."

"फुग्यानं खडक काळा पडतोय? तोकोन, तुझं डोस्कंबी फुगाच हाय."

हशा पिकला. मग कुणीतरी सहज म्हणालं, "शेवटाला काय लिवलं? कायबी पडलं न्हाई. मोल्दोकुल पिऊन तर्र, शेकोटी कलंडली, गवत पेटलं. मिटलं."

मोल्दोकुल म्हणजे माझा बा. तो मीठ घातलेल्या चहापलीकडं काही पीत नसे. पण त्या निकालानंतर गावानं आपली मेंढरं त्याच्यामागं धाडणं बंद केलं. लग्नात पोरं त्याच्यापुढं पेला धरून हसायची. तो पेला खाली ठेवायचा आणि विचारलं तर एवढंच सांगायचा: "उजेड आला. जमीन हादरली. काय व्हतं, मला ठावं न्हाई." मी शहरात ग्रंथालयात काम करते. आभाळातून पडणाऱ्या गोष्टींवरची पुस्तकं त्याला वाचून दाखवायचे. तो ऐकून म्हणायचा, "पिऊन व्हतो का न्हाई, ते हाय का त्यात?"

त्या संध्याकाळी नाल्यावर त्याच्याबरोबर एकटा सात्यबाल्दी होता, आमचा शेजारी. साहेबांना "प्यायला व्हता" असं सांगणाराही तोच.

आता थोड्या वेळानं मुल्ला सगळ्यांना विचारणार होता, हा माणूस कसा होता. चांगला होता, असंच म्हणायची रीत आहे. पण हे लोक ते गालात हसत म्हणतील, आणि बा तेवढंच घेऊन मातीत जाईल. बाकी मला काही वाटत नव्हतं. हातपायसुद्धा दुसऱ्या कुणाचे असावेत तसे पडले होते.

"जिपार, गा की," आत्या म्हणाली. "लेकीचं कोशोक झाल्याबिगर बापाला उचलत्यात व्हय? लोक म्हनतील, शिकली नि दगड झाली."

कोशोकात, मयतावरच्या रडगाण्यात, बापाला वाघ म्हणायचं, गरुड म्हणायचं. मला ते आठवेना. मी सपाट आवाजात गायले:

"भाजलेल्या मेंढरांवर ओलं पोतं धरून बसलास, बा.
साहेब बदलले, त्यांचं बोलणं बदललं, तुझं बदललं नाही, बा.
त्या सांजेला तुझ्या तोंडाला कशाचा वास होता, बा?
शेकोटीपलीकडं बसलेल्याला ठाऊक आहे, बा."

बाहेरच्या सुऱ्या थांबल्या. आत्यानं माझ्या मांडीला चिमटा काढला.

बाला बाहेर नेलं. आम्ही बायका आतच. नमाज झाली आणि मुल्लाचा आवाज आला, "हा माणूस कसा होता?"

नेहमीचा गलका उठायच्या आधी एकटा घसा खाकरला.

"चांगला व्हता," सात्यबाल्दी म्हणाला. "त्या सांजेला त्यो प्यायला न्हवता. मी प्यायलो व्हतो. घोड्यांच्या पागेवरली नोकरी जाईल म्हनून त्याच्यावर ढकललं."

मुल्लाला पुढं काय करावं कळेना, त्यानं पुन्हा विचारलं. या वेळी सगळे एकदम म्हणाले, चांगला माणूस होता. त्यात हसणं नव्हतं. मी नीट कान देऊन ऐकलं.

त्यांनी त्याला उचललं. तंबूजवळून जाताना तोकोन कुणाला तरी दबक्या आवाजात विचारत होता, "म्हंजे मंग पडलं काय व्हतं?"

"आता तरी रड, पोरी," आत्या म्हणाली.

मी रडू यायची वाट पाहिली. आलं नाही.

"बरं, मागनं येईल," ती म्हणाली. "हात धू. मानसं मातीवरनं भुकेली येत्यात."

मी हात धुतले.