तुमच्यावाचून करमत नाही

गादीवाल्याची बायको भांडून बहिणीकडे गेली होती. ती परत यावी म्हणून त्याचा जीव खालीवर होत होता, पण आधी फोन करायला ताठा आडवा येत होता. आणि आज ती स्वतःच बॅग घेऊन दारात उभी!

"ईमेलात काय लिहिलंय तुम्ही! 'तुमच्यावाचून करमत नाही, परत या.' जन्मात पहिल्यांदा मला 'तुम्ही' म्हणालात हो!"

गादीवाला चरकला. ती तर दुकानाची जाहिरात होती, त्याच्या भाच्याने सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांना ईमेलने धाडलेली. यादीत मामीचाही पत्ता होता, तो वगळायचं काही त्याला सुचलं नव्हतं.

"अगदी मनापासून लिहिलं," गादीवाला म्हणाला.

"मग खाली 'संधी फक्त रविवारपर्यंत' हे काय?"

"सोमवारी मीच न्यायला येणार होतो," म्हणत त्याने घाईघाईने तिची बॅग आत नेली.