लागलं का?

मागचं डावं दार बिघडलंय हे आम्हाला कळलं, तेव्हा आईची करंगळी त्यात होती.

गाडी सुरू करण्याआधी बाबा मागे न बघता विचारतात, "लागलं का?" आई दार ओढून घेते आणि म्हणते, "लागलं." मग ते बटण दाबतात, चारही दारांचे खटके एकदम खाली जातात आणि गाडी निघते. आई कायम मागे बसते. पुढे बसलं की बाबांच्या ब्रेकबरोबर तिचेही पाय दाबले जातात म्हणे. त्या दिवशी तिनं दार ओढलं, पण दुसरा हात अजून चौकटीवरच होता. बाबांनी विचारलं, "लागलं का?" ती ओरडली, "लागलं!" आणि बाबांनी बटण दाबलं.

उघडायला पुन्हा दाबलं, तर तीन खटके वर आले. चौथा आलाच नाही. त्या दाराला बाहेरून किल्लीचं भोक नाही, आणि खटका इतका घट्ट की आईच्या मोकळ्या हाताला हलेना. शेवटी बाबा पुढच्या सीटवरून मागे रांगत गेले आणि त्यांनी तो उपसून काढला.

आज टाके काढायचे होते. आई म्हणाली, "मी चालत जाईन."

"गुडघ्याचं काय?" मी विचारलं.

"गुडघा माझं ऐकत नाही, पण निदान माझ्यावर दार तरी लावत नाही."

बाबा रात्रपाळी करून नुकतेच आले होते. बूटसुद्धा काढले नव्हते. "लॉक दुरुस्त करतो," ते म्हणाले. "मग तरी बसशील?"

"लॉकचं नंतर हो. आधी माणसानं मागे वळून बघावं," आई म्हणाली आणि गॅलरीत जाऊन उभी राहिली.

खाली गाडीपाशी गेल्यावर मी वीज तपासायचा मीटर काढला. बाकी तीन दारं चालतात, म्हणजे फ्यूज आणि बटण ठीक. दोष त्या दाराच्या मोटरमध्ये, नाहीतर तिथपर्यंत जाणाऱ्या वायरीत. दार उघडून आम्ही आतलं प्लॅस्टिकचं अस्तर काढलं. हँडलमागचे दोन स्क्रू, मग कडेच्या क्लिपा. त्यातली एक मोडली.

"राहू दे," बाबा म्हणाले. हल्ली ते सगळ्यालाच राहू दे म्हणतात.

मोटर साबणाच्या वडीएवढी. बाबांनी बटण दाबलं. खटका खाली. पुन्हा दाबलं. वर. मीटरवर बॅटरीचा पूर्ण दाब दिसत होता.

"झालं तर मग," बाबा फुटपाथच्या कडेला बसत म्हणाले. "आपोआप बरं झालं."

"आपोआप बरं झालं तर आपोआप बिघडेलही."

मी दार लावून घेतलं आणि त्यांना पुन्हा दाबायला सांगितलं. काहीच नाही. उघडलं, तर चालतंय. लावलं, तर ढिम्म.

बाबांना पहिल्यांदाच थोडं हसू आलं. "आमची रात्रपाळी आहे ही. साहेबानं दार उघडलं की सगळे कामाला, दार बंद झालं की माना खाली."

"आणि तुम्ही?" वरून आईचा आवाज आला.

"मी तर उभ्या उभ्या झोपतो," बाबा म्हणाले. ते खरंच होतं.

दार उघडं असताना आणि बंद असताना काय बदलतं? मोटर तीच, बटण तेच. बदलतो तो फक्त बिजागरीजवळच्या रबरी नळीचा बाक, आणि त्या नळीतूनच वायरी दारात जातात. मी नळी मागे सरकवली आणि एकेक वायर चिमटीत धरून चाचपली. तपकिरी वायर एका जागी वातीसारखी लुळी लागली. वरचं आवरण शाबूत, आतलं तांबं तुटलेलं. दार उघडलं की तुटकी टोकं एकमेकांना टेकायची, लावलं की दूर जायची.

"मग त्या दिवशी बंद तरी कसं झालं?" बाबांनी विचारलं.

"दार आपटलं तेव्हा टोकं क्षणभर टेकली असतील. तेवढ्यात तुम्ही दाबलं. नंतर कितीही दाबलं असतं तरी उघडलं नसतं."

ते वायरीकडे बघत राहिले. "पण दाबलं मीच ना," म्हणाले.

यावर मीटरचा काही उपयोग नव्हता. मी तुटका भाग कापून वायरीचा नवा तुकडा जोडला. बाबांनी तो कथलाचा डाग देऊन पक्का केला. त्यांचा हात इतका थकलेला होता की मला त्यांचं मनगट धरावं लागलं.

दार लावूनच तपासायला हवं होतं. मी आईच्या जागी बसले आणि दार ओढून घेतलं. बाबा पुढे बसले, बटणावर बोट ठेवलं. "ला–" म्हणाले आणि थांबले.

"बंद... बंद झालं का?"

"झालं."

खटका पडला. पुन्हा दाबलं, वर आला. वर पाहिलं तर गॅलरीत आई नव्हती.

ती पर्स घेऊन खाली आली. मागे बसली, पट्टीचा हात मांडीवर ठेवला, दुसऱ्यानं दार ओढलं. मी पुढे बसले होते. बाबा सीटवरून पूर्ण मागे वळले. पट्टी बघितली, दुसरा हात बघितला, चौकट बघितली.

"विचारा की," आई म्हणाली.

"बघितलं ना मी."

"बघितलंत, छान झालं. आता विचारा. बंद झालं का म्हणे! गोदामाचं शटर आहे का हे?"

बाबांनी घसा खाकरला. "लागलं का?"

"लागलं होतं," आई म्हणाली. "रात्रभर ठणकत होतं. तुम्ही कामावर होता, सांगणार कुणाला?" मग काचेकडे तोंड फिरवून म्हणाली, "आता दार लागलंय. चला, दवाखाना बंद व्हायचा."

बाबांनी बटण दाबलं. चारही खटके पडले. मागचा डावा किंचित उशिरानं पडला, पण पडला.