आढ्याची पट्टी

"हे तुम्हाला पटायचं नाही, कुणालाच पटत नाही," असं म्हणत ताइस्तोने वाटाण्याच्या सुपाचा वाडगा खाली ठेवला, तेव्हाच त्याच्या बायकोने, हिल्काने, कपाळाला हात लावला.

शेडमध्ये चारपाच शेजारी जमले होते. मधोमध साच्यांवर पालथी कयाक, वल्ह्याची निमुळती नाव. लाकडाच्या अरुंद पट्ट्या एकीला एक चिकटवत तिचं पोट झाकत आणलेलं. फक्त कण्यावर एका पट्टीची फट उरलेली. घराचं आढं चढलं की शेजाऱ्यांना सूप घालायचं, ही त्या गावाकडची रीत. पालथ्या नावेचा कणा म्हणजे आढंच की, असं ताइस्तोने ठरवून टाकलं. सूप मिळत असेल तर शेजारी कशाला हरकत घेतात.

तर या सगळ्या पट्ट्या वेइयोने बसवल्या, ताइस्तो सांगत होता. इतक्या घट्ट, की परवा एक डास सांध्यावर टेकला, त्याचा पाय अडकला, तो पाय अजून तिथंच आहे. वेइयो नुसता खाकरला की पट्टी आपणहून वाकते.

वेइयो कोपऱ्यातल्या स्टुलावर हात मांडीखाली दाबून बसला होता. जन्मभर सुतारकी केलेला माणूस. हात थरथरू लागले आणि गावाने त्याला साधी बिजागरी बसवायलाही बोलावणं सोडलं. म्हणून तर ताइस्तोने, ज्याने हयातभर लाकडं वाहायचा ट्रक हाकला त्याने, नाव बांधायचं काढलं आणि मला एकट्याला झेपत नाही म्हणून वेइयोला रोज बोलावलं. संध्याकाळी वेइयो घरी गेला, की ताइस्तो सरस सुकायच्या आत वाकड्या पट्ट्या सोडवून नीट बसवायचा. हे हिल्काला तेवढं ठाऊक.

बेत एवढाच, की थाप गावभर व्हावी आणि कुणीतरी वेइयोकडे पुन्हा काम घेऊन यावं. थाप लागू पडली, जरा जास्तच. पलीकडची लेम्पी म्हणाली, "मग ही शेवटची आमच्यासमोर बसवू दे की त्याला. माझ्या सौनाच्या न्हाणीचं दार कधीचं लागत नाहीये. ही बसली, तर ते काम त्याचंच."

ताइस्तो गडबडला. शेवटची पट्टी मालकानेच बसवायची असते, नाहीतर नाव बुडते, असं काहीबाही बोलू लागला. वेइयोने मांडीखालून हात काढले आणि गुडघ्यांवर ठेवले. सगळ्यांना दिसतील असे.

"लेम्पी, दारात काय चुकलंय ते मी येऊन सांगेन. लावायला दुसरा बघ." मग तो ताइस्तोकडे वळला. "खोटं बोलतोयस तू. पट्टी जागेवर धरायला मी सुतळीला सुताराची गाठ मारून जातो. सकाळी येऊन बघतो, तर सगळीकडे ट्रकवाल्याची गाठ. लेका, एवढं केलंस, तर निदान गाठ तरी माझ्याकडून शिकून घ्यायचीस."